लक्झेंबर्गचे आकडे खरे मानायचे का?

पासबुकवाले नाना:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. धाकट्या चिरंजीवांना लक्झेंबर्गमधून नोकरीची ऑफर आलीय, फंडांचे हिशेब ठेवणारी कंपनी आहे. घरात आधी देश नकाशात शोधण्यात एक संध्याकाळ गेली (बेल्जियम, जर्मनी आणि फ्रान्सच्या बेचक्यात आहे, नाव देशावर मावत नाही म्हणून शेजाऱ्यांच्या अंगावर छापलेलं असतं). मग मी जुन्या सवयीनं वही काढली आणि देशाची कुंडली मांडली.

क्षेत्रफळ २५८६ चौ. किमी, म्हणजे गोव्यापेक्षा लहान. लोकसंख्या ६ लाख ८० हजारांच्या आसपास, त्यात ४७ टक्के परदेशी नागरिक. जीडीपी साधारण ८५ अब्ज युरो. दरडोई काढलं तर सव्वा लाख डॉलरच्या पुढे जातं, जगाच्या यादीत पहिला-दुसरा नंबर. सरकारी कर्ज जीडीपीच्या २५-२६ टक्के फक्त, रेटिंग ट्रिपल ए (पतीची सगळ्यात वरची श्रेणी). किमान पगार महिना २६०० युरोच्या वर. संसदेत ६० खासदार, वर ग्रँड ड्यूक. आणि कळस म्हणजे मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम, ट्रेन सगळ्यांना फुकट.

आता मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली १२ कर्ज खात्यात. इतकं स्वच्छ प्रकरण टेबलावर आलं की आम्ही सँक्शन करायच्या आधी गोडाऊन बघून यायचो. समोरच्या पोत्यांच्या मागं भिंत आहे का अजून पोती, ते हात घालून बघायचं. तर माझा प्रश्न असा की या देशाचं गोडाऊन कुणी आतून पाहिलंय का? आकडे खरे आहेत का, आणि खरे असतील तर मुलाच्या खिशात त्यातलं काय पडणार?

खोचक:
नाना, ट्रेन फुकट आहे म्हटल्यावर अजून काय तपासायचं राहिलं, बॅग भरा.

कुडाळचो झील:
आमच्या सिंधुदुर्गाच्या अर्धो देश आणि खासदार ६०! आमका एकच, तो पण रत्नागिरीवांगडा वाटून घेतलेलो.

मोझेलकाठची:
नाना, मी इथे ९ वर्षं आहे, ग्रेव्हनमाखरजवळ राहते, नवरा बँकेत आणि मी एका फंडवाल्यांकडेच. आकडे खरे आहेत. कुणी खोटं लिहीत नाही. इथली सांख्यिकी संस्था स्टाटेक म्हणून आहे, ती व्यवस्थित काम करते, आणि गंमत म्हणजे अख्ख्या युरोपचे आकडे गोळा करणारी युरोस्टॅट पण याच शहरात बसते.

फक्त एक गोष्ट तुमच्या वहीत सुटलीय. रोज सकाळी सव्वादोन लाखांच्या वर माणसं हद्दीपलीकडून इथे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. साधारण निम्मे फ्रान्समधून, उरलेले जर्मनी आणि बेल्जियममधून. इथे त्यांना फ्रोंतालिए म्हणतात. देशात जेवढे पगारदार आहेत त्यातले जवळपास निम्मे हेच. ते जे कमावून देतात ते जीडीपीत धरलं जातं, पण दरडोई काढताना भागायचं ते राहणाऱ्यांच्या संख्येनं, त्यात ते नाहीत. वर ते आहेत, खाली नाहीत. म्हणून उत्तर फुगतं.

सकाळची ८:१२:
अहो म्हणजे हे फोर्ट-चर्चगेटसारखं झालं की! तिथल्या ऑफिसांची सगळी कमाई धरायची आणि भागायचं कुणी, तर तिथं रात्री झोपणाऱ्यांनी. आम्ही डोंबिवलीहून लोंबकळत येणारे मोजायचेच नाहीत. तसं केलं तर फोर्ट पण जगात पहिला येईल.

ताळेबंद:
८:१२ शी सहमत, याहून सोपं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

त्यात अजून एक थर घाला. मोठ्या कंपन्या नफा तिथे दाखवतात आणि मग तो मालकांकडे बाहेर जातो. जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत किती तयार झालं. त्यातून बाहेरच्यांचे पगार आणि बाहेरच्यांचा नफा वजा करून, बाहेरून येणारं मिळवलं की जीएनआय मिळतो. बहुतेक देशांत हे दोन आकडे जवळजवळ असतात, लक्झेंबर्गचा जीएनआय मात्र जीडीपीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. ८५ चे ५६-५७ अब्ज धरा. आयर्लंडची पण अशीच कहाणी आहे, तिथं तर त्यांनी स्वतःसाठी वेगळा सुधारित आकडाच काढलाय.

बरं हे कागदावरचं भांडण नाही. नाटोत संरक्षणावर जीडीपीच्या २ टक्के खर्च करा असं ठरलं तेव्हा लक्झेंबर्गनं सांगितलं की आमचा जीडीपी आमचा नाही हो, आम्हाला जीएनआय लावा. आणि ते मान्य झालं.

खोचक:
म्हणजे मिरवायला जीडीपी आणि वर्गणी द्यायची वेळ आली की जीएनआय. आमच्या सोसायटीत पण असा एक मेंबर आहे.

पासबुकवाले नाना:
ताळेबंद आणि मोझेलकाठची, मनापासून आभार. हात घातल्यावर भिंत लागली बघा. लगेच वहीत केलं. ८५ अब्ज भागिले ६.८ लाख = सव्वा लाख युरो. जीएनआय धरला तर ५७ अब्ज, आणि भागायला ६.८ अधिक २.३ म्हणजे ९.१ लाख, उत्तर साधारण ६२-६३ हजार युरो. निम्म्यावर आलं की!

ताळेबंद:
नाना थांबा, दोनदा वजावट झाली :) जीएनआय काढताना बाहेरून येणाऱ्यांचे पगार आधीच काढून टाकलेत, त्यामुळे खाली परत त्यांना बसवायचं नाही. ५७ भागिले ६.८ लाख, म्हणजे ८३-८४ हजार. हा आकडा घ्या. तो पण काही कमी नाही.

पासबुकवाले नाना:
कबूल. रिटायर झाल्यावर मार्जिन दोनदा कापायची सवय जात नाही.

शंकासूर:
सगळे गोड गोड बोलताय, मुद्द्याचं कुणी बोलत नाही. हा देश म्हणजे जगातल्या कंपन्यांची कर चुकवायची मोरी आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात लक्सलीक्स बाहेर आलं, शेकडो कंपन्यांना सरकारनं आधीच लिहून दिलेले कर-करार त्यात निघाले, कित्येकांना नफ्यावर एक टक्कासुद्धा कर पडत नव्हता. आणि त्या काळात पंतप्रधान कोण तर युंकर, १९९५ ते २०१३, अठरा वर्षं, आणि हे प्रकरण फुटलं तेव्हा ते युरोपियन कमिशनचे अध्यक्ष होऊन जेमतेम काही दिवस झालेले. ज्यांनी कागद बाहेर काढले त्यांच्यावर मात्र खटले. आयएमएफच्या नियतकालिकात २०१९ मध्ये लिहून आलं होतं की ६ लाख लोकांच्या या देशात ४ लाख कोटी डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आहे, माणशी ६६ लाख डॉलर, आणि एकूण रक्कम अख्ख्या अमेरिकेतल्या गुंतवणुकीइतकी. त्यातली बरीचशी पाटी लावलेल्या रिकाम्या कंपन्यांमधली. नाना, तुमच्या गोडाऊनच्या भाषेत सांगायचं तर पोती आहेत, पण बाहेर लावलेल्या पाट्यांवर दुसऱ्यांचीच नावं आहेत.

मोझेलकाठची:
शंकासूर, लक्सलीक्स झालं ते वाईटच होतं, इथेही लोक त्याबद्दल लाजतात. पण त्यानंतर युरोपात कर-करारांची माहिती एकमेकांना देणं बंधनकारक झालंय, आणि कंपनी कर कागदोपत्री कमी नाहीच, शहरात सगळं मिळून २४ टक्क्यांच्या आसपास पडतो. मी ज्या धंद्यात आहे तो वेगळा आहे. फंडांत ५ लाख कोटी युरोंच्या वर पैसा आहे, अमेरिकेखालोखाल जगात दुसरा नंबर, पण तो पैसा लक्झेंबर्गचा नाही, जपानच्या आजीचा आणि जर्मनीच्या शिक्षकाचा आहे. इथे फक्त त्याची नोंदणी आणि हिशेब. फंडावर इथला कर म्हणजे वर्षाला ०.०५ टक्के किंवा त्याहून कमी. दिसायला काहीच नाही, पण एवढ्या मोठ्या रकमेवर तेवढंही सरकारला खूप होतं.

१९८५ मध्ये युरोपनं फंडांसाठी एक समान नियम केला, तो आपल्या कायद्यात सगळ्यात आधी कुणी आणला तर यांनी, १९८८ मध्ये. मोठ्या देशांनी वेळ घालवला तोवर यांनी दुकान मांडलं. याला तुम्ही चलाखी म्हणा, मी चपळाई म्हणते.

शंकासूर:
ज्याची मोरी तो तिला नहाणीघर म्हणणारच. हलके घ्या.

ताळेबंद:
भारताशी पण जुना संबंध आहे बरं का. १९९२ मध्ये रिलायन्सनं भारतीय कंपनीचा पहिला जीडीआर (परदेशात विकायची शेअरची पावती) काढला तो लक्झेंबर्गच्या शेअर बाजारात नोंदवला, त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी तीच वाट धरली. आजही आपल्या शेअर बाजारात परदेशी पैसा कुठून येतो ती यादी बघा, लक्झेंबर्ग वरच्या काही नावांत असतो. आपल्या एसआयपीच्या पैशाशेजारी जपानच्या आजीचा पैसा बसलेला आहे.

चहाटळ:
या जपानच्या आजी काय करतात? मुलगी आहे का त्यांना?

सरहद्दीपलीकडचा:
मी तो फ्रोंतालिए, ज्याला वर मोजलाय आणि खाली नाही :) राहतो फ्रान्समध्ये थियोंव्हिलजवळ. सकाळी गाडीनं निघालो तर मोटरवेवर ३० किमीला कधी ४० मिनिटं तर कधी दीड तास. ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचवते पण उभं राहून. आणि नाना, फुकट ट्रेनचं ऐकून हुरळू नका, हद्दीच्या आत फुकट, फ्रान्सच्या बाजूचं तिकीट काढावंच लागतं. पहिला वर्गही फुकट नाही.

आमच्या बाजूनं चित्र कसं दिसतं ते पण ऐका. नर्स शिकते फ्रान्सच्या पैशानं, मग जाते लक्झेंबर्गला कारण पगार दीड-दोनपट, तिचा आयकर तिकडे, आणि तिच्या पोरांची शाळा, गावचे रस्ते, पाणी इकडच्या नगरपालिकेनं द्यायचं. लोरेनचे, म्हणजे आमच्या भागातले महापौर किती वर्षं बोंब मारतायत की करातला वाटा द्या. बेल्जियमच्या हद्दीवरच्या गावांना लक्झेंबर्ग भरपाई देतं, फ्रान्सला तसं थेट काही देत नाही, रेल्वे, पार्किंग असल्या कामांत अर्धा खर्च उचलतं. मार्च २०२० मध्ये हद्दी बंद व्हायला लागल्या तेव्हा लक्झेंबर्गची तारांबळ उडाली होती, कारण त्यांच्या दवाखान्यातल्या निम्म्याहून जास्त नर्सेस आमच्याच. त्यांना घरच्यांसकट हॉटेलात ठेवायची तयारी केली होती सरकारनं.

सकाळची ८:१२:
मोटरवेवर अडकलात तर निदान बसायला मिळतं. आमच्याकडे या एकदा, दार न पकडता उभं राहून दाखवा.

नागरिकशास्त्र:
मला यातला राज्यकारभाराचा भाग जास्त रोचक वाटला, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, लांबलं तर सोडून द्या. संसदेत ६० खासदार, चार मतदारसंघ, दक्षिण २३, मध्य २१, उत्तर ९, पूर्व ७. मतदाराला जागा असतील तेवढी मतं, म्हणजे दक्षिणेत राहणाऱ्याला २३ मतं. ती एकाच पक्षाला द्या किंवा या यादीतले दोन, त्या यादीतले चार असं वाटा, एकाच उमेदवाराला दोन मतंसुद्धा देता येतात. आणि मत देणं सक्तीचं, ७५ वर्षांच्या पुढं माफी. वरचं सभागृह नाही. त्याऐवजी २१ जणांची राज्य परिषद असते, ती कायद्यावर मत देते, आणि तिनं हरकत घेतली तर संसदेला तीन महिने थांबून दुसऱ्यांदा मतदान करावं लागतं.

ग्रँड ड्यूक नावापुरतेच. २००८ मध्ये इच्छामरणाचा कायदा आला, तेव्हाचे ड्यूक आंरी म्हणाले माझी सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही, मी मंजुरी देणार नाही. संसदेनं काय करावं, तर राज्यघटनेतून मंजुरी हा शब्दच काढून टाकला. आता त्यांनी फक्त कायदा जाहीर करायचा. कायदा झाला, राजाची अब्रूही राहिली. हेच आंरी ३ ऑक्टोबर २०२५ ला पायउतार झाले, आता मुलगा गियोम गादीवर आहे. २०२३ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान ल्युक फ्रीडेन, आणि आधीचे पंतप्रधान झाव्हिए बेटेल त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे असं झालं की कुणी पक्ष फोडला ते आधी विचारतात.

कुडाळचो झील:
२३ मतां? एका मतासाठी आमच्याकडे केवढो खर्च येता, २३ चो हिशोब कोण धरतलो.

शंकासूर:
नागरिकशास्त्र, अर्धीच गोष्ट सांगितली. ४७ टक्के रहिवासी परदेशी, त्यांना संसदेसाठी मत नाही. २०१५ च्या जूनमध्ये सार्वमत घेतलं की दहा वर्षं राहिलेल्या परदेशी लोकांना मत द्यायचं का. ७८ टक्क्यांनी नाही म्हटलं. म्हणजे वर्षानुवर्षं कर भरा, रस्ते बांधा, लादी पुसा, पण मत मागू नका. आणि त्यावर मत कुणी दिलं, तर ज्यांना आधीच मत आहे त्यांनी!

मोझेलकाठची:
हे मात्र १००% खरं. त्या वर्षी मी इथे नव्हते, पण आल्यावर शेजारच्या पोर्तुगीज बाईंकडून ऐकलं, तीस वर्षं इथे, नवरा बांधकामावर, त्यांना ते लागलं होतं. पोर्तुगीज लोकसंख्येच्या साधारण १३-१४ टक्के आहेत, म्हणजे सात-आठांत एक. नगरपालिकेला मात्र आम्हाला मत देता येतं, नाव नोंदवायचं फक्त. आणि नागरिकत्व पाच वर्षांनी मिळू शकतं, पण लक्झेंबर्गी भाषा बोलायची परीक्षा द्यावी लागते. मी दिली. पास झाले, पण नागरिकत्व घेतलं नाही अजून, भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो ना, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळतं हे माहीत आहे तरी आईला फोनवर सांगायचं कसं या विचारानं फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून आहे.

भाषेचं पण नाना तुमच्या मुलाला सांगा. कायदा फ्रेंचमध्ये, पहिलीतली अक्षरओळख जर्मनमध्ये, बाजारात फ्रेंच, अंगणात लक्झेंबर्गी आणि फंडवाल्यांच्या ऑफिसात इंग्रजी. १९८४ च्या कायद्यानं इंग्रजी सोडून बाकी तिन्हींना मान्यता. पोरं हुशार होतात पण घरी चौथी-पाचवी भाषा असेल तर पहिली दोन वर्षं त्यांचे हाल होतात, माझ्या मुलीला पाहिलंय.

चहाटळ:
आमच्याकडे दोन भाषा शिकवायच्या म्हटलं तरी मोर्चा निघतो, यांनी तीन पचवल्या.

संपादक मंडळ:
भाषेचा विषय इथेच थांबवावा. गेल्या वेळचा धागा आठवा.

ट्रियरकर:
उशिरा आलो. मी जर्मनीत ट्रियरला राहून लक्झेंबर्गला जातो. दोन आकड्यांच्या गमती सांगतो, नानांच्या वहीसाठी.

एक, पेट्रोल. लक्झेंबर्गमध्ये कर कमी म्हणून स्वस्त, आणि जास्तीत जास्त भाव सरकार ठरवतं त्यामुळे सगळ्या पंपांवर जवळपास एकच भाव. मार्तलांज नावाचं गाव आहे बेल्जियमच्या हद्दीवर, रस्त्याची एक बाजू बेल्जियम, तिथं घरं, दुसरी बाजू लक्झेंबर्ग, तिथं ओळीनं नुसते पेट्रोल पंप. तीन देशांतले ट्रक तिथे टाकी भरतात. ते इंधन कुणाच्या खात्यावर? जिथं विकलं त्यांच्या. त्यामुळे दरडोई कार्बन उत्सर्जनात हा देश वर्षानुवर्षं युरोपात सगळ्यात वाईट. सिगरेट आणि दारूच्या दरडोई विक्रीचं तसंच, कागदावर बघितलं तर वाटेल बाळं पण ओढतात. २०२१ पासून कार्बन कर लावलाय, दरवर्षी वाढवतात, त्यामुळे फरक थोडा कमी झालाय.

दोन, श्रीमंती मोजायचा आणखी एक मार्ग. युरोस्टॅट दरडोई जीडीपी काढते तेव्हा युरोपची सरासरी १०० धरली तर लक्झेंबर्ग २४० च्या आसपास येतो. पण लोक प्रत्यक्षात काय खातात, वापरतात, सरकारकडून शाळा-दवाखाना किती मिळतो हे मोजलं तर तोच देश १४० च्या आसपास. युरोपात तरी पहिल्या दोनांत, पण २४० कुठं आणि १४० कुठं. मधले १०० म्हणजे आम्ही आणि त्या पाट्या.

पासबुकवाले नाना:
ट्रियरकर, वहीत लाल शाईनं लिहिलं. मधले १०० म्हणजे आम्ही आणि त्या पाट्या. वा.

खोचक:
तीन पानं झाली तरी खायचं काय मिळतं ते कुणी सांगितलं नाही, हा आपला धागाच नव्हे.

मोझेलकाठची:
अवांतर: ग्रोम्परकिशेल्शर! नाव घाबरवणारं आहे पण म्हणजे किसलेला बटाटा, कांदा, पार्सली, अंडं, थोडा मैदा आणि तळायचं. आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा भाऊ. ऑगस्टअखेरीला शुबरफोअर नावाची जत्रा भरते, १३४० पासून चालू आहे, तिथे सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात. मी घरी हिरवी मिरची आणि जिरं घालते. शेजारच्या आजोबांनी खाल्लं, पाणी प्याले, आणि म्हणाले हे बरोबर नाही पण अजून दे.

कुडाळचो झील:
अंडां कित्याक? तांदळाचा पीठ घाल, कुरकुरीत जातला.

सरहद्दीपलीकडचा:
परत विषयावर. हा देश नेहमीच असा नव्हता हे विसरू नका. शंभर वर्षं तो लोखंडावर जगला. दक्षिणेत लाल खनिज, एश, डिफर्डांज, ड्युडलांज, सगळी पोलादाची गावं. आर्बेड ही कंपनी १९११ ची, देशात सरकारपेक्षा तिचा दरारा. मग १९७४-७५ नंतर जगभर पोलाद बुडालं आणि हजारो नोकऱ्या गेल्या. त्यातून सरकार, मालक आणि युनियन यांनी एकत्र बसायची पद्धत पडली, त्रिपक्षीय म्हणतात, १९७७ पासून. आर्बेड पुढं २००२ मध्ये आर्सेलरमध्ये गेली आणि २००६ मध्ये लक्ष्मी मित्तलनी ती घ्यायची बोली लावली तेव्हा इथं केवढा गहजब, युंकर स्वतः विरोधात उभे राहिले, शेवटी जूनमध्ये सौदा झाला. मुख्यालय अजून लक्झेंबर्गमध्येच आहे. एशला बेल्व्हालमध्ये जुन्या भट्ट्या तशाच उभ्या ठेवून भोवती विद्यापीठ बांधलंय, मुलगा आला तर त्याला आधी ते दाखवा, मग बँकांच्या काचा.

दर वेळी एक धंदा बुडायच्या आधी हे लोक दुसरा शोधतात. पोलाद, मग बँका, १९८५ मध्ये उपग्रहांची एसईएस, मग फंड. २०१७ मध्ये तर लघुग्रहावरचं खनिज ज्यानं खणलं त्याचं, असा कायदा करून मोकळे झाले.

खोचक:
आणि सातबारा कुणाच्या नावावर?

सरहद्दीपलीकडचा:
त्यात सरकारनं एका अमेरिकन कंपनीत पैसे घातले होते, १ कोटी २० लाख युरो बुडाले. सातबारा मिळालाच नाही.

पासबुकवाले नाना:
धाग्याला एवढा प्रतिसाद येईल वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. मुलाच्या खिशात काय पडणार? ऑफर किमान पगाराच्या जवळपास दुप्पट आहे. घर कुठं घ्यावं?

मोझेलकाठची:
इथंच खरी मेख आहे नाना. पगार चांगला, आणि महागाईचा निर्देशांक अडीच टक्क्यांनी वाढला की कायद्यानं सगळ्यांचे पगार, पेन्शन अडीच टक्क्यांनी वाढतात, मालकाची मर्जी लागत नाही. २०२३ मध्ये एका वर्षात तीनदा वाढले. पण घरं! शहरात एका बेडरूमचं भाडं सहज १५०० युरोच्या वर, आम्ही पहिल्या वर्षी १६०० देत होतो आणि किचनच्या खिडकीतून समोरच्यांचं किचन दिसायचं. विकत घ्यायचं तर विचारूच नका. जमीन थोड्या कुटुंबांच्या हातात आहे आणि त्यांना विकायची घाई नाही. एवढ्या श्रीमंत देशात काम करूनही गरिबीच्या रेषेखाली राहणाऱ्यांचं प्रमाण युरोपात वरच्या नंबरात आहे, ते याच्यामुळं. घरांच्या किमतीमुळं खुद्द लक्झेंबर्गी तरुण जोडपी जर्मनीच्या बाजूला राहायला जातात, म्हणजे आपल्याच देशात फ्रोंतालिए होतात.

ट्रियरकर:
त्यांच्यातलेच एक आमचे शेजारी. नाना, ट्रियरला भाडं कमी आहे पण दोन गोष्टी बघा. घरून काम करायचे दिवस वर्षाला ३४ पर्यंत, त्याच्या पुढं गेलं की त्या कामाचा कर जर्मनी मागते. आणि मोझेल नदीच्या पुलावरून सकाळी सातच्या आधी निघायचं. परवाना पण वेगळा लागेल, तो भारतीय पासपोर्टवर लक्झेंबर्गच्या नोकरीसाठी येणार ना, मग पहिली एक-दोन वर्षं तिकडंच राहिलेलं बरं. नंतर ठरवा.

शंकासूर:
मी एवढं बोललो पण पाठवा हो मुलाला. मोरी असली तरी पाणी स्वच्छ आहे.

ताळेबंद:
नाना, एक काम सांगा त्याला. ऑफर लेटरमधला ग्रॉस बघू नका. साधारण बारा-तेरा टक्के सामाजिक विम्याचे जातात आणि वर आयकर, तो एकटा असेल तर पहिल्या वर्गात, लग्न झालेल्यांचा वर्ग वेगळा आणि स्वस्त.

चहाटळ:
बघा, शेवटी लग्नाचा विषय निघालाच. जपानच्या आजींना विचारू का?

पासबुकवाले नाना:
त्याच्या आईनं हा प्रतिसाद वाचला आणि धागा एकदम आवडला असं कळवायला सांगितलंय.

काल रात्री चिरंजीवांशी बोललो. मी वही उघडून बसलो, म्हटलं बघ, दरडोई सव्वा लाख नव्हे, ८४ हजार, आणि वापराच्या हिशेबानं २४० नव्हे १४०. तो म्हणाला बाबा, मला कळलंय, मी ज्या कंपनीत जाणार आहे तिथं मी हेच फुगलेले आकडे लिहिणार आहे. निघायची तारीख ठरलीय, पहिले तीन महिने कंपनीची खोली आहे. मोझेलकाठची, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, कुकर तिथं मिळतो की इथून न्यायचा एवढंच विचारलंय.

मोझेलकाठची:
न्या. आणि शिट्टी जास्तीची एक.